'कोल' : आवाज, वाणी की चाहूल? एका हिब्रू शब्दाचा अर्थ आणि वापर

पैलतीर

गेली दोन वर्षे मी हिब्रू शिकत आहे आणि सराव म्हणून तनाखमधील, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसमूहातील, काही उतारे मराठीत आणण्याचा प्रयत्न करत आहे. अवघड शब्द कोशात सापडतात, त्यांची फारशी चिंता नसते. मला अडवले आहे ते पहिल्याच आठवड्यात शिकवल्या जाणाऱ्या 'कोल' या शब्दाने. कोफ, वाव आणि लामेद ही तीन अक्षरे आणि अर्थ 'आवाज', असे मी वहीत लिहून ठेवले होते. अनुवादाला बसल्यावर मात्र प्रत्येक ठिकाणी मला निराळा मराठी शब्द वापरावासा वाटू लागला.

याकोब भावाचे सोंग घेऊन दृष्टी गेलेल्या इसहाकासमोर उभा राहतो, तेव्हा 'कोल' म्हणजे माणसाचा ओळखीचा आवाज असतो. इजिप्तवर गारा कोसळतात तेव्हा याच शब्दाचे अनेकवचन 'कोलोत' गडगडाटासाठी येते. मुख्य याजकाच्या झग्याला लावलेल्या सोन्याच्या घंटांचा कोल असतो, शोफारचा म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कोल असतो आणि हाबेलच्या सांडलेल्या रक्ताचाही कोल असतो. मी आधी देव व माणूस यांच्यासाठी 'वाणी', वस्तूंसाठी 'ध्वनी' आणि ढगांसाठी 'गर्जना' अशी वाटणी करून ठेवली होती. स्तोत्र २९ ने ती मोडून टाकली. तेथे 'कोल अदोनाय', म्हणजे परमेश्वराचा कोल, हे शब्द सात वेळा येतात, आणि तो कोल पाण्यावर गडगडतो, लबानोनचे देवदार मोडतो, कादेशचे अरण्य हादरवतो आणि हरिणींना प्रसूत करतो. हे देवाचे बोलणे आहे की वादळ आहे, हा प्रश्न त्या कवीला पडलेलाच दिसत नाही. मराठीत मात्र शब्द निवडतानाच मला उत्तर देऊन टाकावे लागते.

दुसरी अडचण उत्पत्ती ३:८ मधली आहे. आदाम आणि हव्वा यांनी 'कोल अदोनाय एलोहिम मिथहालेख बागान' ऐकले, असे तेथे म्हटले आहे. बागेत फिरत होता तो परमेश्वर की त्याचा कोल? व्याकरण दोन्ही बाजूंनी लागते. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

शब्दवेल्हाळ

पैलतीर ताई, आपली वाटणी मोडली याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण ती हिब्रूने केलेली नव्हती. ती आपल्या ग्रांथिक मराठीची आहे. 'वाणी', 'ध्वनी', 'नाद' आणि 'घोष' हे शब्द आपण संस्कृतातून घेतले आणि प्रत्येकाची जागा ठरवून दिली. बोलण्यातली मराठी असे काही करत नाही. आईचा आवाज, दाराचा आवाज, ढगांचा आवाज, पाडव्याला वाजणाऱ्या ताशाचा आवाज, या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो. फारसीतून आलेला हा 'आवाज' कोलच्या जितका जवळ जातो तितका दुसरा कोणताही मराठी शब्द जात नाही. पवित्र ग्रंथाला तो साधा, थोडा बाजारी वाटतो म्हणून अनुवादक त्याला टाळतात, एवढेच. योगायोग असा की दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत, फक्त 'कोल'चे अनेकवचन 'कोलोत' असे स्त्रीलिंगी घाटाचे होते. तरी विशेषण पुल्लिंगीच लागते, म्हणजे 'मोठे आवाज' हे 'कोलोत गदोलिम' होते, 'गदोलोत' होत नाही.

मात्र प्रत्येक ठिकाणी 'आवाज' लिहावा असे माझे म्हणणे नाही, आणि उत्पत्ती ३:८ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कोणी दिसण्याआधी ते येत असल्याचे कानाला कळते, त्यासाठी आपल्याकडे 'चाहूल' हा नेमका शब्द आहे. 'त्यांना बागेत फिरणाऱ्या परमेश्वर देवाची चाहूल लागली' असे लिहून पाहा. फिरणारा देव की फिरणारा आवाज हा वाद येथे विरून जातो, कारण चाहूल ही नेहमी हालचालीचीच असते. १ राजे १४:६ मध्ये वृद्ध अहिया संदेष्ट्याला दिसत नाही, पण दारातून आत येणाऱ्या यराबामाच्या पत्नीच्या पायांचा 'कोल' त्याला ऐकू येतो. तीही चाहूलच. आणि गीतरत्नातील 'कोल दोदी, हिने झे बा' या ओळीत प्रियकर डोंगरांवरून उड्या मारत येतो आहे, अजून त्याने एक शब्दही उच्चारलेला नाही. 'माझ्या प्रियाचा आवाज, पाहा, तो येत आहे' यापेक्षा 'माझ्या सख्याची चाहूल! हा पाहा, आलाच तो' हे मला अधिक खरे वाटते.

साशंक

चाहूल मान्य आहे. परंतु गीतरत्नातील त्या ओळीबाबत एक व्याकरणाचा मुद्दा राहिला. वाक्याच्या आरंभी येणारा 'कोल' पुष्कळदा नाम म्हणून वाचायचाच नसतो, तो 'ऐका!' अशा उद्गारासारखा असतो. उत्पत्ती ४:१० मध्ये देव काइनाला म्हणतो, 'कोल देमे आखीखा त्सोआकिम एलाय मिन हाअदामा'. 'त्सोआकिम' हे क्रियारूप अनेकवचनी आहे आणि 'कोल' एकवचनी. म्हणजे आक्रोश करणारा कोल नाही, 'देमे' म्हणजे रक्त आहे, जे हिब्रूत येथे अनेकवचनात येते. म्हणून 'तुझ्या भावाच्या रक्ताची वाणी ओरडत आहे' यापेक्षा 'ऐक! तुझ्या भावाचे रक्त जमिनीतून माझ्याकडे टाहो फोडत आहे' असा अनुवाद व्याकरणाला धरून होतो.

यशया ४०:३ मधील 'कोल कोरे' याचेही असेच वाचन करता येते. तेथे तर विरामाचाच प्रश्न आहे. शुभवर्तमानांत ग्रीक भाषांतराच्या आधाराने 'अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी' असे वाचले गेले, आणि ते योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला लागू झाले. हिब्रू पाठावरील पठणाची स्वरचिन्हे मात्र 'कोरे' या शब्दानंतर थांबायला सांगतात. म्हणजे अरण्यात उभी असते ती वाट, घोषणा करणारा नव्हे: 'ऐका, कोणी पुकारत आहे: अरण्यात परमेश्वराची वाट तयार करा'. पुढच्याच चरणात 'रुक्ष प्रदेशात आमच्या देवासाठी सरळ राजमार्ग करा' असे येते, त्यामुळे दोन चरणांची जोडीही नीट जुळते.

अष्टागर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला आहे आणि आमचे मूळ गाव अलिबागजवळचे. आमच्याकडे संदेष्टा एलियाहू याला फार मोठा मान आहे. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उतरला होता अशी समाजाची श्रद्धा आहे, आणि मलिद्याच्या वेळी, म्हणजे गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून केलेल्या प्रार्थनेत, त्याचेच नाव गायले जाते. म्हणून 'कोल'चा विषय निघाला की मला १ राजे १९ आठवल्याशिवाय राहत नाही.

एलियाहू होरेब डोंगरावर उभा आहे. डोंगर फोडणारा वारा येतो, मग भूकंप, मग अग्नी, आणि तिन्ही वेळा सांगितले जाते की परमेश्वर त्यात नव्हता. शेवटी येतो तो 'कोल देमामा दाका'. 'देमामा' म्हणजे निःशब्दता, स्तब्धता. 'दाका' हे विशेषण बारीक, पातळ, कुटून पूड केलेल्या वस्तूला लागते. निर्गममध्ये जमिनीवर पडलेल्या मान्नाच्या कणांसाठी हेच विशेषण आहे. येथे 'शांत, मंद वाणी' असे म्हटले की अर्थ गुळगुळीत होतो, कारण मूळ शब्द परस्परविरोधी आहेत: स्तब्धतेचा आवाज, आणि तोही बारीक. मराठी येथे आपल्या मदतीला धावते असे मला वाटते, कारण आपण सहजपणे 'बारीक आवाज' म्हणतो. इतर कित्येक भाषांना आवाजाची जाडी सांगण्यासाठी उपमा शोधावी लागेल, आपल्याला लागत नाही. शब्दवेल्हाळ यांनी 'आवाज'ची बाजू घेतली ती याही ठिकाणी खरी ठरते, कारण 'बारीक वाणी' कोणी म्हणत नाही.

शोफारबद्दलही एक गोष्ट सांगतो. रोश हाशाना या नववर्षाच्या दिवशी जो आशीर्वाद म्हटला जातो, तो शोफार फुंकण्याबद्दल नाही, 'लिश्मोआ कोल शोफार', शोफारचा आवाज ऐकण्याबद्दल आहे. मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहाच्या रोश हाशाना प्रकरणात (३:७) असे म्हटले आहे की कोणी विहिरीत, तळघरात किंवा रांजणात शोफार फुंकला आणि ऐकणाऱ्याने शोफारचा कोल ऐकला, तर त्याचे कर्तव्य पार पडले. पण त्याने 'कोल हावारा', म्हणजे घुमलेला प्रतिध्वनी ऐकला, तर पडले नाही. ध्वनिक्षेपकातून ऐकलेला शोफार चालतो का, या आजच्या चर्चेतही याच वाक्याचा आधार घेतला जातो.

पैलतीर

'बारीक आवाज' वाचून मी काही वेळ थांबले. हे मला सुचले नसते.

आता एक बाळबोध प्रश्न. 'सगळे, प्रत्येक' या अर्थाचा 'कोल' आणि हा 'कोल' मी अजूनही ऐकताना चुकते. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळच्या 'कोल निद्रे'चा अर्थ मी कित्येक दिवस 'नवसांचा आवाज' असा समजत होते. आणि मराठीतला 'कोलाहल' याच्याशी संबंधित असेल का?

साशंक

उत्तरापासून सुरुवात करतो: कोलाहलाचा काही संबंध नाही. तो संस्कृत शब्द आहे, केवळ उच्चार कानाला सारखा लागतो. इंग्रजीतला हाक मारण्याचा 'कॉल' हाही असाच नसलेला नातेवाईक. 'कोल निद्रे' मधला शब्द काफ आणि लामेद या दोनच अक्षरांनी लिहितात, त्याचा अर्थ 'सर्व नवस'. कोफ आणि काफ यांचे उच्चार पूर्वी निराळे होते. कोफ घशात खोलवरून येत असे. आजच्या इस्राएलमधील रूढ उच्चारात दोन्हींचा 'क' झाला, म्हणून कानाला फरक कळत नाही, लेखणीला कळतो. सरावासाठी निर्गम २४:३ पाठ करा: 'वायाआन कोल हाआम कोल एखाद', 'सर्व लोकांनी एका आवाजात उत्तर दिले'. पहिला कोल काफचा, दुसरा कोफचा. एकदा हे वाक्य हाताने लिहिले की पुन्हा गोंधळ होणार नाही.

आणखी एक फसवे साम्य सांगून ठेवतो. ध्वनिमुद्रण करणे यासाठी आधुनिक हिब्रूत 'लेहाक्लित' हे क्रियापद आहे आणि तबकडीला 'ताक्लित' म्हणतात. यात कोल आहे असे वाटते, परंतु मूळ धातू 'सामावून घेणे' या अर्थाचा क-ल-त असा वेगळा आहे. नव्याने स्थायिक होणाऱ्यांच्या सामावणुकीला 'क्लिता' म्हणतात, त्यातलाच हा धातू.

शब्दवेल्हाळ

कोलाहल नाही हे खरे, पण एक खरा नातेवाईक मराठीच्या घरात बसलेला आहे, आणि साशंक यांनी त्याच्याकडे पाहिलेले नाही. तो म्हणजे 'कौल'. छपरावरचे कौल नव्हे, देवाचा कौल. अरबीत 'काला' म्हणजे तो म्हणाला आणि 'कौल' म्हणजे उक्ती, दिलेला शब्द; हा धातू हिब्रू कोलचा सख्खा भाऊ आहे. हिब्रूने त्यातून बोलण्याचे क्रियापद घडवले नाही, त्यासाठी 'अमार' वापरले, आणि कोलला ध्वनीपुरते ठेवले. अरबीत तोच धातू बोलण्याकडे गेला. अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, मराठेशाहीच्या कागदपत्रांत अभयपत्र किंवा करारपत्र या अर्थाने 'कौल' आणि 'कौलनामा' झाला, आणि कोकणात व गोव्यात देवळात पोहोचला. मूर्तीला फुले किंवा पाकळ्या लावून उजवी पडते की डावी, यावरून देवाचे म्हणणे जाणून घेतात ते कौल लावणे. कव्वालीतील 'कव्वाल' हाही याच धातूचा.

गंमत पुढे आहे. निवडणुकीचा निकाल लागला की आपली वृत्तपत्रे 'जनतेचा कौल' असे मथळे देतात. आधुनिक हिब्रूत मतालाही 'कोल' म्हणतात, एखाद्या पक्षाला इतके 'कोलोत' पडले असे बातमीत येते. दोघे एकमेकांना न विचारता मतपेटीपाशी भेटले. हिब्रूत हा अर्थ युरोपीय भाषांच्या वळणाने आला आहे; रशियन 'गोलोस' आणि फ्रेंच 'व्वा' या शब्दांतही आवाज आणि मत एकत्र नांदतात. मत देण्याचे हिब्रू क्रियापद मात्र आवाजाचे नाही, 'एत्स्बा' म्हणजे बोट, त्यावरून ते झाले आहे.

नेगेवचा_वारा

मी बरीच वर्षे दक्षिण इस्राएलमध्ये राहतो. ग्रंथांतल्या कोलवर माझ्यापेक्षा जाणकार येथे आहेत, म्हणून रस्त्यावरच्या कोलबद्दल लिहितो.

'रामकोल' म्हणजे ध्वनिक्षेपक. 'राम' म्हणजे उंच, मोठा, आणि मोठ्याने वाचणे ते 'बेकोल राम'. मोबाइलवर कोणी लिहिण्याचा कंटाळा करून बोलून निरोप पाठवला की तो 'होदाआ कोलित'. आवाजाच्या वेगापेक्षा जलद विमान 'अल-कोली'. साशंक यांनी यशयातील 'कोल कोरे' सांगितले. आज एखादी संस्था अनुदानासाठी प्रस्ताव मागवते किंवा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जाहीर आवाहन काढतात, त्या कागदाच्या शीर्षस्थानी हेच दोन शब्द असतात, आणि अर्ज भरणाऱ्याला अरण्य आठवतही नाही.

येथील आकाशवाणीचे नाव तर विसरण्यासारखे नाही. ब्रिटिशांच्या काळात १९३६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राचे हिब्रू प्रसारण 'कोल येरुशालायिम' या नावाने चाले, आणि १९४८ पासून ते 'कोल यिस्राएल' झाले. २०१७ मध्ये ती जुनी संस्था बंद होऊन तिच्या जागी 'कान' नावाचे महामंडळ आले. हिब्रूत 'कान' म्हणजे 'येथे', पण मला मराठी माणूस म्हणून ते नाव पहिल्यापासून अधिक योग्य वाटले: आधी आवाज होता, आता कान आला.

चित्रपटांसाठी 'कोलनोआ' हा शब्द आहे, कोल म्हणजे आवाज आणि 'नोआ' म्हणजे हालचाल. मूकपटांच्या काळात 'रेइनोआ', म्हणजे दिसणारी हालचाल, असा शब्द होता. चित्रे बोलू लागल्यावर कोलनोआ आला. आपल्याकडेही १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'च्या वेळी 'बोलपट' हाच शब्द होता, पण सगळेच पट बोलू लागल्यावर आपण 'बोल' सोडून 'चित्र'पटाकडे परतलो. हिब्रूने आवाज सोडला नाही, आणि त्यामुळे आज मूकपटाला 'कोलनोआ इलेम', म्हणजे 'मुका बोलपट', असे म्हणावे लागते.

ध्वनीचे बाकीचे शब्दही वेगळे ठेवावेत. संगीतातला सुटा स्वर 'त्स्लिल', फोनची घंटा 'त्सिल्त्सुल', प्रतिध्वनी 'हेद' आणि गोंगाट 'राआश'. शेवटच्या शब्दाबाबत सावध राहा. एलियाहूच्या प्रसंगातील भूकंपाला मूळ हिब्रूत 'राआश' असेच म्हटले आहे. आजच्या शाळकरी मुलाला मात्र 'लो बाराआश अदोनाय' या वाक्यातून 'गोंगाटात परमेश्वर नव्हता' असे ऐकू येते. चुकीचे आहे, पण इतके सुंदर चुकीचे आहे की मी माझ्या मुलीला सुधारायला दोन दिवस लावले.

अष्टागर

कौल आणि आकाशवाणी हे दोन्ही शब्द येथे आलेच आहेत, तर 'बात कोल'चा उल्लेख व्हायला हवा. शब्दशः अर्थ 'आवाजाची मुलगी'. तो प्रतिध्वनीलाही वापरतात, पण तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, मुख्यतः आकाशातून ऐकू येणाऱ्या दैवी आवाजाला. हग्गय, जखऱ्या आणि मलाखी या अखेरच्या संदेष्ट्यांनंतर संदेश थांबला आणि उरली ती बात कोल, असे रब्बी सांगतात. कंसाला ऐकू आलेली आकाशवाणी हा मराठी वाचकाला सर्वांत जवळचा प्रतिशब्द आहे.

परंतु एक फरक मोलाचा आहे. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात (५९ब) एका भट्टीच्या शुद्धतेवरून वाद होतो. रब्बी एलिएझर एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. एलिएझर यांच्या शब्दावर झाड जागचे हलते, ओढा उलटा वाहतो, अभ्यासगृहाच्या भिंती कलतात, आणि शेवटी बात कोल येऊन सांगते की नियम एलिएझर म्हणतात तसाच आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहतात आणि तनाखमधील 'अनुवाद' नावाच्या ग्रंथातील शब्द उच्चारतात: 'लो बाशामायिम ही', ती आकाशात नाही. तोरा, म्हणजे देवाने दिलेले धर्मशास्त्र, माणसांच्या हाती दिली आहे, आता बहुमताने ठरेल. आकाशवाणी ऐकूनही तिचे न ऐकण्याचा असा प्रसंग मला आपल्या पुराणांत आठवत नाही.

शब्दवेल्हाळ

'ऐकूनही न ऐकणे' हे आपण सहज लिहून गेलात, पण तोच कोलचा आणखी एक वापर आहे. हिब्रूत 'शामा कोल' म्हणजे आवाज कानावर पडणे, आणि 'शामा बेकोल' म्हणजे म्हणणे मानणे. सारामुळे अब्राहाम अडचणीत पडतो तेव्हा देव त्याला 'श्मा बेकोलाह' असे सांगतो. मराठीत तो फरक आवाज शब्दच गाळून होतो: 'साराचा आवाज ऐक' निराळे आणि 'साराचे ऐक' निराळे. अनुवादात दुसरेच घ्यावे. तसेच 'नासा एत कोलो', आवाज उचलला, याचे 'आवाज चढवला' करू नये; राहेलीला भेटल्यावर याकोब आवाज उचलून रडतो, रागावत नाही. तेथे 'त्याला मोठ्याने रडू कोसळले' एवढे पुरे आहे.

पैलतीर

सर्वांचे आभार. माझा मसुदा आता असा झाला आहे: स्तोत्र २९ मध्ये सातही ठिकाणी 'आवाज' ठेवला, एकदाही बदलला नाही. उत्पत्ती ३:८ आणि गीतरत्नात 'चाहूल'. काइनाच्या प्रसंगात 'ऐक!'. एलियाहूसाठी 'आणि अग्नीनंतर, स्तब्धतेचा एक बारीक आवाज'. इसहाकाच्या तोंडी 'आवाज तर याकोबाचा आवाज आहे, आणि हात एसावाचे हात'.

याजकाच्या घंटांचे मात्र अजून जमलेले नाही. निर्गम २८:३५ मध्ये 'वेनिश्मा कोलो', म्हणजे 'त्याचा कोल ऐकू येईल', असे आहे, आणि हा 'त्याचा' कोल झग्याचा की याजकाचा, हे मूळ वाक्यात मोकळे आहे. 'रुणझुण' लिहिले तर घुंगरांचे होते, 'आवाज' लिहिला तर काहीच दिसत नाही.

साशंक

'तो पवित्रस्थानात जाताना त्याची चाहूल लागावी' असे लिहून पाहिले का? घंटा त्यासाठीच शिवल्या होत्या.